प्रतिजैविकांचा खर्च चिठ्ठीतच कमी करता येईल

महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. त्याच वर्षी केंद्र सरकारने ॲझिथ्रोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीची कमाल किंमत, कर वगळून, २३ रुपये ९८ पैसे निश्चित केली. सर्दी-खोकला-तापासाठी सर्रास दिला जाणारा तीन गोळ्यांचा डोस या भावाने सुमारे ७२ रुपयांना पडतो, म्हणजे दिवसाच्या मजुरीचा जवळजवळ चौथा हिस्सा. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या शेतमजुराच्या घरात त्यावर डॉक्टरची फी, जीपचे किंवा एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज यांची भर पडते. मुळात तो ताप विषाणूमुळे आलेला असेल, तर या तीन गोळ्या आजारावर काहीच करत नाहीत. ग्रामीण भागातला औषधखर्च कमी करण्याची चर्चा निघाली की बोलणे गोळीच्या किमतीवर जाते. किंमत महत्त्वाची आहेच. पण प्रतिजैविकांच्या बाबतीत सर्वात महाग गोळी ती, जिची गरजच नव्हती, आणि तिच्यावरचा खर्च कोणत्याही किंमत-नियंत्रणाने वाचत नाही. तो डॉक्टरच्या चिठ्ठीतच वाचवावा लागतो. असा वाचलेला पैसा ज्या पाड्यांवर प्रतिजैविक वेळेवर पोहोचतच नाही तिथे वळवला, तर काटकसर आणि जीव वाचवणे ही दोन्ही कामे एकाच धोरणात बसतात.

हे दोन तालुके उदाहरणादाखल घेण्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार, तर मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. कसारा घाटापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी वस्त्या विखुरलेल्या आहेत. त्यातली कातकरी जमात केंद्राच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पावसात काही पाड्यांच्या वाटा बंद होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जमले नाही तर पुढचा टप्पा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथूनही पुढे जायचे तर मुरबाडच्या माणसाला उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आणि शहापूरच्या माणसाला ठाणे गाठावे लागते. अशा ठिकाणी औषधाचा खर्च म्हणजे गोळीची छापील किंमत एवढाच अर्थ कधीच नसतो. चुकीचे औषध दिले तर दुसऱ्यांदा यावे लागते. दुसऱ्यांदा येणे म्हणजे दुसऱ्यांदा भाडे आणि दुसऱ्यांदा खाडा.

देशात प्रतिजैविके कशी लिहिली जातात याचे चित्र स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले. पहिल्या गटात सहज मिळावीत आणि आधी वापरावीत अशी औषधे आहेत: अमॉक्सिसिलीन, डॉक्सिसायक्लीन, कोट्रायमॉक्साझोल, सेफॅलेक्सिन, जेंटामायसिन. दुसऱ्या गटातली औषधे जपून वापरायची. ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही त्यात येतात. तिसरा गट शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ मध्ये असे ठरवले की, २०३० पर्यंत जगातल्या माणसांसाठीच्या प्रतिजैविक-वापरात पहिल्या गटाचा वाटा किमान ७० टक्के असावा. भारतात खासगी क्षेत्रातून झालेल्या २०१९ च्या वापराचा अभ्यास २०२२ मध्ये 'लॅन्सेट'च्या आग्नेय आशिया आवृत्तीत आला. त्यात पहिल्या गटाचा वाटा २७ टक्के आणि जपून वापरायच्या गटाचा सुमारे ५५ टक्के निघाला. सर्वाधिक खपणारे एकच औषध सांगायचे तर ते होते ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. आपण नेमके उलटे चाललो आहोत: आधी वापरायचे ते मागे आणि जपून वापरायचे ते पुढे.

किंमत कमी करण्याच्या वाटेवर महाराष्ट्राने आणि देशाने पुष्कळ चालून पाहिले आहे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा पेनिसिलीन देशात तयार होणे हाच मुख्य प्रश्न होता. १९७५ मध्ये हाथी समितीने मूळ नावाच्या औषधांचा आग्रह धरला. २००८ मध्ये जनऔषधी योजना आली आणि २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने आवश्यक औषधांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. या प्रत्येक पावलाचा गरिबाला उपयोग झाला आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, हेही मोठे पाऊल आहे. तरीही खर्च उरतोच. केंद्रात औषध नसेल तर 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी हातात पडते. केंद्र लांब असेल तर माणूस जवळच्या खासगी दवाखान्यात जातो. आणि मोफत दिलेली अनावश्यक गोळीही कोणीतरी विकत घेतलेलीच असते. तिचे पैसे सरकारी तिजोरीतून गेलेले असतात आणि तेवढ्याने दुसऱ्या औषधाचा साठा कमी पडतो.

थोड्या पैशांत प्रतिजैविक किती काम करू शकते, याचा जगभर मानला गेलेला पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर केलेला प्रयोग १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवले आणि कोट्रायमॉक्साझोल हे स्वस्त औषध त्यांच्या हाती दिले. प्रयोगाच्या गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ८.१ राहिले, तुलनेच्या गावांत ते १७.५ होते. औषधाचा खर्च दर मुलामागे वर्षाला अडीच अमेरिकी सेंट, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने रुपयाच्याही आत आला. हे साधले ते साध्या औषधाने आणि योग्य निदानाने, कारण श्वास मोजता येणारा माणूस मुलाच्या घरापाशी होता. प्रत्येक खोकल्याला औषध द्यायचे नाही आणि ज्या मुलाचा श्वास जलद आहे त्याला मात्र चुकवायचे नाही, ही शिस्त त्या प्रयोगाचा कणा होती. खर्च कमी करण्याचा आणि जीव वाचवण्याचा नियम एकच आहे, हे यातून दिसते.

हा नियम शहापूर-मुरबाडच्या केंद्रांत लावायचा तर तीन ठिकाणी बचत होते. पहिली, औषध न देण्यात. सर्दी, विषाणूजन्य खोकला आणि मुलांचे बहुतेक पाण्यासारखे जुलाब यांना प्रतिजैविक लागत नाही. जुलाबाला ओआरएस आणि १४ दिवस झिंक लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये हलका ताप आणि विषाणूजन्य श्वासनलिकादाह यांना प्रतिजैविके देऊ नका, असे डॉक्टरांना सांगितले आहे. दुसरी बचत, आवश्यक असेल तिथे पहिल्या गटातले औषध निवडण्यात. भातशेतीच्या चिखलात राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तिथे डॉक्सिसायक्लीनसारखे जुने, स्वस्त औषध हाताशी असणे महाग गोळीपेक्षा मोलाचे. तिसरी बचत दिवसांत. साध्या, म्हणजे गंभीर नसलेल्या न्यूमोनियाला अमॉक्सिसिलीन तीन दिवस पुरते की पाच दिवस लागते, हे भारतातल्या सात रुग्णालयांत २,१८८ मुलांवर तपासले गेले आणि निष्कर्ष २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. तीन दिवसांत बरे झालेले ८९.५ टक्के आणि पाच दिवसांत ८९.९ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा आजाराला तीन दिवसांचाच उपचार मान्य केला. यात औषध ४० टक्के वाचते. शिवाय भट्टीवर निघालेल्या कुटुंबाला तीन दिवसांचा डोस पुरा करणे जमते. पाच दिवसांचा अर्ध्यावर सुटण्याची भीती जास्त.

डॉक्टर काय लिहितो हे बऱ्याच अंशी कपाटात काय आहे यावर ठरते. मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या अमॉक्सिसिलीनच्या गोळ्या नसतील आणि ॲझिथ्रोमायसिन भरपूर असेल, तर चांगल्यातला चांगला वैद्यकीय अधिकारीही ॲझिथ्रोमायसिन देईल. म्हणून चिठ्ठी सुधारण्याची सुरुवात साठ्यापासून करावी लागते. तामिळनाडूने १९९४ मध्ये स्थापलेल्या वैद्यकीय सेवा महामंडळाने याची चांगली घडी बसवली. प्रत्येक दवाखान्याला पासबुक असते, त्यात रकमेची तरतूद असते, आणि दवाखाना आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलतो. वरून ढकललेला साठा मुदत संपेपर्यंत पडून राहण्यापेक्षा हे केव्हाही बरे. महाराष्ट्रात २०२३ च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आले आहे आणि साठ्याच्या नोंदींसाठी ई-औषधी ही संगणक प्रणाली आहे. ठाणे जिल्हा परिषदेने या दोन तालुक्यांतल्या केंद्रांना पासबुकासारखी तरतूद द्यावी. पाड्यांच्या वाटा बंद होण्याआधी, जूनच्या आत, अमॉक्सिसिलीन, डॉक्सिसायक्लीन, ओआरएस आणि झिंक पोहोचलेच पाहिजे. आणि महत्त्वाची अट अशी की अनावश्यक प्रतिजैविकांवर वाचलेली रक्कम त्याच केंद्राकडे राहावी. बचत केली म्हणून पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाणार असेल, तर बचत कोणी करणार नाही.

बचत होते आहे की नाही हे कळायला मोजमाप हवे, आणि ते फार महाग नाही. औषधवापर कसा तपासावा याची जागतिक आरोग्य संघटनेची १९९३ ची पद्धत प्रत्येक केंद्रातून ३० रुग्णांच्या नोंदी काढायला सांगते. दर महिन्याला ३० केसपेपर काढून तीनच गोष्टी पाहाव्यात: किती जणांना प्रतिजैविक दिले, त्यातले पहिल्या गटातले किती, आणि कशासाठी दिले हे लिहिले आहे का. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टरांना प्रतिजैविकाचे कारण चिठ्ठीवर लिहिण्याचे आवाहन केलेच आहे. मोजणीचा निकाल तालुका आरोग्य अधिकाऱ्याने प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला इतर केंद्रांच्या आकड्यांशेजारी ठेवून पाठवावा. इंग्लंडमध्ये २०१४ साली सर्वाधिक प्रतिजैविके लिहिणाऱ्या दवाखान्यांना मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केवळ असे एक पत्र पाठवले. सहा महिन्यांत त्यांच्या चिठ्ठ्या ३.३ टक्क्यांनी घटल्या; अंदाजे ७३,४०६ कमी चिठ्ठ्या, आणि वाचलेले पैसे पत्राच्या खर्चाच्या कित्येक पट. आपल्याकडचे वैद्यकीय अधिकारी आधीच अहवालांच्या ओझ्याखाली आहेत, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच ही मोजणी त्यांच्यावर न टाकता तालुका पातळीवर व्हावी आणि तिच्यामागून शिक्षा येऊ नये. आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याजवळ दिसणे हीच तिची ताकद.

या भूमिकेवरचा सर्वात वजनदार आक्षेप दूरच्या पाड्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांकडून येतो. ते म्हणतात, शहरात दोन दिवसांनी परत या असे सांगता येते. इथे आलेला रुग्ण परत येईलच असे नाही. औषध न देता पाठवलेले मूल रात्री दगावले तर जबाबदार कोण? हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. वाट बंद असलेल्या पाड्यावरच्या तापलेल्या मुलाबाबत डॉक्टरने थोडे उदार होऊन अमॉक्सिसिलीन सुरू केले, तर त्याला दोष देऊ नये. अशा वेळी धोका औषध न देण्यात जास्त असतो. पण ही सूट सगळ्या रुग्णांबाबतची सवय होता कामा नये. या आक्षेपाचे उत्तर पाठपुराव्यात आहे. वर्षाखालील, दोन महिन्यांवरच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल तर न्यूमोनिया समजावा, ही खूण घड्याळावर मोजता येते. नवजात बाळांच्या घरभेटी आशा सेविका आधीच करतात. प्रतिजैविक न देता घरी पाठवलेल्या मुलाकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आशाची एक भेट ठरवली, आणि तिचा मोबदला औषधातल्या बचतीतून दिला, तर डॉक्टरला 'नाही' म्हणायचे बळ येईल. रुग्ण परत येत नसेल तर सेवेने त्याच्याकडे जायचे.

दुसरा आक्षेप असा की लोकच सुई आणि 'पॉवरची गोळी' मागतात. दिली नाही तर दुसरीकडे जातात. यात काही तथ्य आहे, पण पुरावा वेगळेही सांगतो. कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ गावा-शहरांतल्या २,२८२ खासगी डॉक्टर-वैद्यांचा अभ्यास २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. जुलाबाच्या मुलाला ओआरएस का दिले जात नाही, याचा शोध त्यात होता. साठा नसणे किंवा पैशांचा लोभ यांचा वाटा थोडा निघाला. सर्वात मोठे कारण हे की रुग्णाला ओआरएस नको असते असे डॉक्टर गृहीत धरतात. पाहणीसाठी पाठवलेल्या पालकांनी ओआरएसला पसंती दाखवली, तेव्हा ते मिळण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास ओआरएसचा असला तरी आपल्यासाठी त्याचा धडा सरळ आहे. लोकांची मागणी म्हणून जे सांगितले जाते, त्यातला मोठा भाग डॉक्टरचा अंदाज असतो. आशा आणि ग्रामसभा यांच्यामार्फत 'या आजाराला ही गोळी लागते का?' हा प्रश्न लोकांच्या तोंडी बसवला, तर मागणीही बदलते आणि अंदाजही.

तिसरा प्रश्न खासगी दवाखान्यांचा. सरकारी केंद्रे कितीही सुधारली तरी बाजारगावातला छोटा दवाखाना आणि औषधांचे दुकान यांच्याकडे लोक जाणारच. तिथे कायदा आहे: मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये अनेक प्रतिजैविके आहेत आणि त्यांची विक्री दुकानदाराने स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे ठेवायची आहे. अन्न व औषध प्रशासनाने ही नोंदवही तपासावी, हा एक भाग. पण गावातला डॉक्टर शत्रू नाही. रात्री-अपरात्री दार उघडणारा बहुधा तोच असतो. त्यालाही सरकारी केंद्राइतकीच साधी उपचारपत्रिका मराठीत मिळावी आणि तालुक्याच्या बैठकीला बोलावणे यावे. केरळने या मार्गाने जनजागृती आणि दुकानांवरची देखरेख एकत्र चालवली. तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी प्रतिजैविकांच्या विक्रीत सुमारे १,००० कोटी रुपयांची घट झाल्याचे सांगितले. आकडा सरकारचा असल्याने तो तपासून घ्यावा, पण दिशा योग्य आहे.

स्वस्त म्हणजे निकृष्ट, ही शंका महाराष्ट्रात तरी निराधार म्हणता येत नाही. सरकारी रुग्णालयांना बनावट प्रतिजैविके पुरवली गेल्याची नागपूर जिल्ह्यातली आणि अंबाजोगाईची प्रकरणे २०२४ मध्ये पोलिसांपर्यंत गेली. गोळीत औषधच नसेल तर ती कितीही स्वस्त असली तरी लूट आहे. याचा निष्कर्ष महाग ब्रँड घ्यावा असा मात्र निघत नाही, कारण बनावट माल नामांकित नावाखालीही येऊ शकतो. निष्कर्ष असा की वाटपाआधी प्रत्येक बॅचची तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल केंद्रात पाहायला मिळावा. औषधांचे प्रकार मोजके ठेवले तर ही तपासणीही सोपी होते.

एवढे सगळे कशासाठी, प्रतिजैविके तर आरोग्यखर्चातला लहान भाग आहेत, असेही कोणी म्हणेल. आजच्या बिलापुरते ते खरे आहे. पण अनावश्यक वापराचे खरे बिल नंतर येते. २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज 'लॅन्सेट'ने छापला. स्वस्त औषध निकामी झाले की पुढचे महाग औषध लागते, ते शिरेतून द्यावे लागते, आणि त्यासाठी रुग्णाला डोळखांब किंवा टोकावड्यातून ठाण्या-मुंबईला न्यावे लागते. शहरातले कुटुंब हे बिल कसेबसे भरते. वीटभट्टीची उचल घेतलेले कातकरी कुटुंब ते भरू शकत नाही.

ठाणे जिल्हा परिषदेने शहापूर आणि मुरबाडमध्ये हे काम वर्षभर करून पाहावे: मोजकी औषधयादी, पावसाळ्याआधी पुरेसा साठा, महिन्याला ३० केसपेपरची मोजणी, आशाची पाठपुराव्याची भेट आणि वाचलेला पैसा त्याच केंद्राकडे. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. वर्षअखेरीस आकडे जाहीर करावेत, चांगले असोत वा वाईट. आणि वाचकांनी आपल्या डॉक्टरला पुढच्या वेळी एवढेच विचारावे: हे प्रतिजैविक आहे का, कशासाठी आहे आणि किती दिवस घ्यायचे? हा प्रश्न विचारण्याचा हक्क रुग्णाचा आहे, आणि त्याचे उत्तर देणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे.